पाच कप्प्यांची चंची

ज्ञानबाची पाठ धरली ती पोळ्याला, आणि त्याला दवाखान्यात नेलं ते दिवाळी झाल्यावर. मधले अडीच महिने गावानं वैद्यकी केली. कुणी एरंडाची पानं शेकून बांधली, कुणी डाग द्यायला सांगितलं, आणि ज्याच्याजवळ सांगण्यासारखं काहीच नव्हतं त्यानं "आता वय झालं" एवढं सांगून वाटा उचलला. मग हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात एक फोटो निघाला, नांदेडला दुसरा निघाला. लघवीच्या जागेला गाठ होती. ती मणक्यात उतरली होती आणि आता तिला कुणी हात लावणार नव्हतं.

"किती दिवस?" असं पोरानं, शिवप्रसादनं, हिंगोलीला परत आल्यावर डॉक्टरला दाराआड विचारलं.

"दिवसांचं मी सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "दुखण्याचं बघता येईल. मागच्या खोलीत सिस्टर आहेत, तिकडं जा."

मागच्या खोलीत सत्यशीला सिस्टर होत्या. मूळच्या हट्टा गावच्या. ज्ञानबाची बायको यशोदाबाई, तिचं माहेरही हट्ट्याचंच, त्यामुळं पहिली दहा मिनिटं कोणाची गल्ली कुठली यातच गेली. ज्ञानबा तोवर बाकड्याची कड धरून अर्धा उभा, अर्धा बसलेला. त्याला पुरतं बसता येत नव्हतं आणि बायकांच्या बोलण्यात मधी बोलायची त्याला सवय नव्हती.

"बाबा, दुखणं किती आहे? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन न होणारं."

"सहन झालं न्हाई आसं म्हणावं, तर मी हितवर आलोच की."

"तरी पण."

ज्ञानबानं विचार केला. "परवाच्याला मेंढरांच्या वाड्याच्या मेढीवर, खांबावर, डोकं आपटून घेतलं. पाठीचं जरा इसरावं म्हणून. ते कितीत बसतंय बघा."

सिस्टरनं कागदावर दहा लिहिलं.

गोळी पांढरी, बारकी, मसुरीएवढी. सकाळी सहाला एक, दहाला एक, दुपारी दोनला एक, संध्याकाळी सहाला एक, आणि रात्री दहाला दोन, म्हणजे मधी उठायला नको. दुखो न दुखो, वेळ झाली की घ्यायची. दुखणं उठायची वाट बघायची नाही. सोबत पोट साफ व्हायची वेगळी गोळी. पंधरा दिवसांची औषधं एका वेळी, आणि पुढच्या खेपेला रिकामी पाकिटं परत.

"रिकामी काहून?" यशोदाबाईनं विचारलं.

"कारण ही मॉर्फिन आहे मावशी. ज्याला दुखतंय त्यानं बरोबर घेतली तर याच्यासारखं औषध नाही. दुसऱ्या कुणी घेतली तर याच्यासारखं वाईट नाही. घरात कुणाच्या हाती लागू द्यायची नाही. लेकराच्या तर नाहीच."

"लेकरू न्हाईच आमच्या घरी," यशोदाबाई म्हणाली. तिच्या लेखी लेकरू म्हणजे गुडघ्याएवढं.

गावात बातमी त्यांच्या आधी पोचली. ज्ञानबाचा जोडीदार प्रभू, ज्याच्याबरोबर त्यानं चाळीस वर्षं एका माळावर मेंढरं चारली, तो संध्याकाळी येऊन बाजेच्या पायथ्याशी बसला. एक गोळी हातावर घेऊन त्यानं वास घेतला.

"आफू हाय बरं का ही."

"व्हय. सिस्टर बी तेच म्हनली."

"आमच्या मायनं मला चाटवली व्हती लहानपणी. रडत व्हतो म्हनं लई. मग ती खुरपायला जायची आन् मी बांधाला पडून राहायचो."

"तरीच," ज्ञानबा म्हणाला. "साठ वरसं झाली, आजून उतरली न्हाई तुझी."

तीन महिन्यांत घरानं ऐकलेली ती त्याची पहिली थट्टा. यशोदाबाई चुलीपुढं होती. तिनं फुंकणी खाली ठेवली.

आता गोळ्या द्यायच्या कशा, हा प्रश्न होता. घरात घड्याळ एक, ते शिवप्रसादच्या मोबाइलात, आणि मोबाइल दिवसभर त्याच्याबरोबर हळदीच्या रानात. यशोदाबाईला अक्षर येत नव्हतं. सून राधिका दहावी झालेली, पण ती नवऱ्याच्या जोडीनं कामाला. तोड ज्ञानबानंच काढली. त्याची चंची होती, जाड लाल कापडाची, पाच कप्प्यांची. पान, सुपारी, चुना, कात, तंबाखू. डॉक्टरनं तंबाखू बंद केल्यापासून ती खुंटीला रिकामी लोंबत होती. पाच कप्पे, पाच वेळा. रोज पहाटे यशोदाबाई पाकिटं फोडून चंची भरी, आणि ज्ञानबा ती कमरेला खोचून दिवसाला निघे. दहाचं, दोनचं त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. मेंढ्यांमागं जन्म गेलेल्या माणसाची सावली चुकत नाही.

आणि तो खरंच निघायला लागला. आठव्या दिवशी काठी घेऊन गोठ्यापर्यंत, पंधराव्या दिवशी ओढ्यापर्यंत. पौषात तो प्रभूसंगं माळावर जाऊन बसला. मेंढरं वळायला जाणं झेपत नव्हतं, पण बसल्या जागेवरून "ती बांडी बघ, ती लंगडून राहिली," एवढं तो सांगे. भाकर खाई. फक्त सकाळी परसाकडं गेला की अर्धा तास येत नसे, आणि ओढ्यापलीकडून प्रभू सगळ्या रानाला ऐकू जाईल असं ओरडे, "ज्ञानबाऽ, सिस्टरला फोन लावू का?"

दुसऱ्या खेपेला सिस्टरनं रिकामी पाकिटं मोजली. बराबर. "मावशी, तुमच्यासारखं कुणी सांभाळत नाही," त्या म्हणाल्या. यशोदाबाईनं हे गावात चौघींना सांगितलं, आणि त्या चौघींनी बाकी गावाला.

माघात हळदीची काढणी लागली. हळदीच्या रानात काम जोडीनं चालतं. नवरा कुदळीनं गड्डा उपसतो, बायको मागून माती झाडून, कंद मोडून ढीग लावते. मुकादम माणसं धरतो ती जोडीच्या हिशेबानंच. एकटा गडी किंवा एकटी बाई त्याला नको असते, कारण गडी पडला की बाईला मोडायला काही उरत नाही. जोडीतलं एक आडवं झालं की दुसरं आपोआप घरी.

शिवप्रसादची कंबर गेल्या सालीच बोलायला लागली होती. मुकादम सुदाम माणसं ओळखून होता. पहिल्या आठवड्यात चहाबरोबर त्यानं त्याच्या हातावर एक कॅप्सूल ठेवली.

"घे. कंबरेची हाय. समदे घेऊन राहिले."

"काय व्हतं त्यानं?"

"काय व्हत न्हाई, तेच तर."

आणि खरंच काही झालं नाही. कुदळ हलकी लागायची, ऊन लांबचं वाटायचं, संध्याकाळी घरी येताना तो गाणं म्हणायचा. राधिका मागून चालताना हसायची, की या माणसाला झालंय काय. चार दिवस सुदामनं दिल्या. पाचव्या दिवशी जवळच्या गोरेगावातल्या मेडिकलचं नाव सांगितलं. बिनचिठ्ठीच्या मिळत. आधी दिवसाला एक, मग दोन, महाशिवरात्रीपर्यंत सहा.

महाशिवरात्रीनंतर तालुक्याहून तपासणी आली आणि दुकानदारानं शटर अर्ध्यावर आणून "चिठ्ठी आण" म्हणून सांगितलं. शिवप्रसाद सुदामकडं गेला.

"माझ्याजवळ कुठल्या?" सुदाम म्हणाला. "आन् हे बघ, उद्या यायचं नसंल तर आजच सांग. मी दुसरी जोडी बघतो."

दुसऱ्या दिवशी शिवप्रसाद उठला नाही. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया. अंगावर काटा उभा राहिलेला आणि घामानं बंडी भिजलेली. पोटात कळ आली की गुडघे छातीशी घ्यायचा, कळ गेली की पाय झाडायचा. राधिकाला वाटलं, हिवताप. यशोदाबाई त्याच्या उशाशी बसली, तेव्हा त्यानं डोळे न उघडता सांगून टाकलं. कॅप्सूल, सुदाम, दुकान, सगळं.

"माय, मरून राहिलो गं मी."

"मरत न्हाईस," यशोदाबाई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पहाटे तिनं चंची भरली, तेव्हा रात्रीच्या दोनांतली एक तिच्या मुठीत राहिली. चंची घेऊन ती ज्ञानबाकडं गेली आणि मूठ घेऊन पोराकडं.

तासाभरानं शिवप्रसाद उठून तोंड धुवायला गेला. जोडी रानात वेळेवर पोचली. सुदामनं नव्या जोडीला सांगावा धाडला होता, तो माघारी घेतला.

एकीनं भागतं तर गोष्ट इथंच संपली असती. यशोदाबाईनं एकदा गोरेगावला जाऊन पित्ताच्या गोळ्या आणल्या. त्या पांढऱ्या, तेवढ्याच बारक्या. मग चंचीचे कप्पे भरलेले दिसायला लागले. पाकिटं पहिल्यासारखीच फोडली जात होती, पहिल्यासारखीच रिकामी परत जात होती.

ज्ञानबाचं माळावर जाणं आठवड्यात बंद झालं. आधी तो ओढ्यावरून माघारी फिरे, मग गोठ्यापासून. रात्री तो बाजेच्या दोऱ्या मुठीत धरी, आणि सकाळी हातावर दोऱ्यांचे वळ दिसत.

"गोळी घेतली का बराबर?" यशोदाबाई विचारी.

"घेतली की."

"मग चढून राहिलं आसंल दुखणं."

"चढून राहिलं आसंल," ज्ञानबा म्हणे.

दवाखान्यात सिस्टरनं पुन्हा कागद काढला. ज्ञानबानं या वेळी विचार न करता नऊ सांगितलं. डॉक्टरनं पाकिटं बघितली, पाठीवर बोटं दाबून बघितली आणि एकेकीच्या दोन-दोन केल्या. पंधरा दिवसांनी तीन-तीन, रात्रीच्या सहा. घरात दिवसाला अठरा गोळ्या येऊ लागल्या. त्यातल्या ज्ञानबाच्या पोटात जात त्या पाच किंवा सहा, बाकीच्या जागी पित्ताच्या. त्याचं पित्त मात्र त्या दोन महिन्यांत अजिबात उठलं नाही.

सत्यशीला सिस्टरनं कार्डावर तीनचा आकडा मोठा काढून खाली रेघ मारली. "मावशी, आता डोस मोठा झालाय. झोप फार येतेय असं वाटलं, हाक मारून उठत नाहीत असं वाटलं, तर थांबायचं. मला फोन करायचा. हा नंबर."

"बरं," म्हणून यशोदाबाईनं कार्ड कनवटीला लावलं. फार झोपेचं तिला भय नव्हतं. तिचा नवरा झोपतच नव्हता.

चैत्र सरत आला आणि हट्ट्याहून निरोप आला की यशोदाबाईचा थोरला भाऊ गेला. दहाव्याला जाणं भाग होतं. आदल्या दिवशी निघायचं, तिसऱ्या दिवशी यायचं. काढणी संपत आली होती, राधिका मोबाइल घेऊन दोन दिवस घरी राहिली, आणि शिवप्रसाद हळदीचे ढीग राखायला रानात. निघताना यशोदाबाईनं कार्ड तिच्या हाती दिलं आणि फडताळातली पत्र्याची डबी दाखवली.

"ह्यातल्या भरायच्या. तीन-तीन, रातच्याला सहा. पाकिटाला हात लावू नगंस."

"मामी, पाकिटातल्या काहून नगं?"

"म्या काढून ठुलेल्या हायत. आधी त्या सरू दे."

मग पोराला तिनं गोठ्यामागं नेलं, आणि शिवप्रसाद तिथून आला तो खिशावर हात ठेवून.

आता शिकलेल्या माणसाची एक अडचण असते. तो डबी उघडून बघतो. राधिकानं उघडली. आतल्या गोळ्या दोन तऱ्हेच्या होत्या, काहींवर मधोमध रेघ, काही गुळगुळीत. तिनं कार्ड बघितलं, पाकिटातल्या रेघेच्या गोळीशी जुळवून बघितलं, आणि तिला सासूची कीव आली. म्हातारीला अक्षर येत नाही, दुसरंच काही मिसळून बसली, आणि सासरा बिचारा रात्रभर कण्हतो ते उगीच नाही. तिनं डबी बाजूला ठेवली. नवी पाकिटं फोडली आणि कार्डावर लिहिलं होतं तसं चंचीत भरलं, तीन-तीन.

सहाला ज्ञानबानं तीन घेतल्या. आठ वाजता तो बाजेवर पाठ टेकून पडला होता, महिन्याभरात पहिल्यांदा.

"मामा, बरं वाटतंय का?"

"बरं वाटून राहिलं, माय. लई बरं." त्याचे डोळे मिटत होते. "भाऊ गेला बिचारीचा, पण तिनं जाताना चांगल्या भरल्या आज."

"म्या भरल्या मामा."

"आसं का," ज्ञानबा म्हणाला.

दहाला त्याची सावली चुकली नाही. राधिकानं बघितलं, त्यानं डोळे न उघडता कप्पा चाचपला आणि तीन तोंडात टाकल्या. दोनला मात्र त्याचा हात हलला नाही. तिनं हाक मारली. खांदा हलवला. तोंड उघडं होतं, घोरणं लांबत होतं, थांबत होतं, आणि थांबलं की परत सुरू व्हायला फार वेळ लावत होतं. ओठ जांभळाच्या रंगाचे. तिनं पापणी वर केली. भर दुपारच्या सावलीत बाहुली मोहरीएवढी होती.

तिनं कार्डावरचा नंबर लावला.

"किती दिल्या?" सिस्टर म्हणाल्या.

"तीन-तीन. कार्डावर हायत तशाच."

"रोजच्यासारख्याच?"

"व्हय."

"श्वास मोज. एक मिनिट. मी फोन धरून आहे."

राधिकानं मोजले. "सात."

"कुशीवर कर. सारखी हाका मारत राहा, झोपू देऊ नकोस. गाडी सापडंल ती घे, आणि निघ. मी इकडं सांगून ठेवते."

प्रभूनं जीप थांबवली. गोरेगाव, सेनगाव, हिंगोली. राधिका सासऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या गालावर चापट्या मारत होती, ज्या माणसापुढं तिनं लग्नापासून पदर खाली येऊ दिला नव्हता. "मामा, दम घ्या. घ्या दम. मामा!" आणि प्रभू पुढच्या शिटावरून ओरडत होता, "ज्ञानबा, हल्याऽ! हल्याऽ!" तो मेंढरांना पुकारायचा सूर होता. जीपवाल्यानं दोनदा मागं वळून बघितलं. ज्ञानबा मात्र त्या सुराला दरवेळी एक श्वास घेई.

दवाखान्यात शिरेतून इंजेक्शन गेलं, आणि मिनिटाभरात ज्ञानबा जागा झाला. जागा झाला तो ओरडतच. त्या इंजेक्शननं गोळीचा सगळा असर एका झटक्यात काढून घेतला, श्वास दिला आणि दुखणं पुरतं उघडं केलं. चार माणसांनी त्याला धरलं. त्याला इतकं दुखताना राधिकानं कधी बघितलं नव्हतं. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोदाबाई हट्ट्याहून थेट तिथं आली. शिवप्रसाद रात्रीच आला होता, आणि कॉटच्या पायाशी उभा राहून नाक ओढत होता. सिस्टरनं दार लोटलं.

"मला कुणाला जेलात घालायचं नाही," सत्यशीला सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पण हे कळल्याशिवाय मला पुढची एकपण गोळी लिहून घेता येत नाही. महिनाभर रोज अठरा घेणारा माणूस सहा गोळ्यांनी असा बेशुद्ध होत नाही. याच्या पोटात जात होतं किती? डॉक्टर वाढवत गेले, मी कार्डावर लिहीत गेले. पाकिटं बघून वाढवत गेले. काल हा माणूस गेला असता, आणि माझ्या सहीनं गेला असता. बोला."

"उंदरानं नेल्या आसतील," यशोदाबाई म्हणाली.

"मावशी."

"न्हाई तर मोजण्यात चुकलं आसंल. मला कुठं अक्षर येतं?"

राधिकानं पदराची गाठ सोडली. ती पत्र्याची डबी तिनं आणली होती. टेबलावर उपडी केली. रेघेच्या इकडं, गुळगुळीत तिकडं, असे बोटानं दोन ढीग केले. गुळगुळीतांचा ढीग मोठा होता. मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. नाकाकडं, घामाकडं, झाडल्या जाणाऱ्या पायाकडं. बघता बघता तिचा चेहरा बदलला. हिवताप म्हणून तिनं दोन महिने त्याच्या उशाशी तुळशीचा काढा ठेवला होता.

"मला वाटलं, माय दुकानातून आणून राहिली," शिवप्रसाद म्हणाला.

दुकान बंद झाल्याचं मायला त्यानंच सांगितलं होतं. ते त्या दोघांनाही आठवलं.

"तू इचारलं का तिला?" कॉटवरून ज्ञानबा म्हणाला.

"काय, बाबा?"

"कुठून आणून राहिली म्हणून?"

शिवप्रसादनं बाहीनं नाक पुसलं.

"न्हाई इचारलं," ज्ञानबा म्हणाला. मग तो बायकोकडं वळला. "आन् तू गं? तू रोज इचारायचीस मला. गोळी घेतली का बराबर. का गं इचारायचीस?"

यशोदाबाईच्या डोळ्यांत भावाच्या दहाव्याचं जागरण होतं, आणि पायावर हट्ट्याची धूळ. ती रडली नाही. तिनं खाली बसून पाय पोटाशी घेतले.

"चैतात चारा सरतो," ती म्हणाली, "तवा तुमीच पेंडीची पाटी माझ्या हातात द्यायचात. म्हनायचात, पिणाऱ्या पिल्लाच्या माईला घाल. गाभणीला घाल. म्हाताऱ्या मेंढीला घालू नगंस, ती ऱ्हात न्हाई, पेंड फुकट जाती. चाळीस वरसं तेच केलं म्या. दुसरं काय शिकवलं तुमी मला? पोरगं तडफडून राहिलं व्हतं. जोडी मोडली आसती. ते ऱ्हानार हाय. तुमी..."

पुढचा शब्द तिनं गिळला. तो कुणाला ऐकायचा राहिला नव्हता.

ज्ञानबा छताकडं बघत होता. तो म्हणाला, "म्हातारी मेंढी पाटीकडं बघत आसती, तवा तू तिच्याकडं बघितलं का कधी?"

"न्हाई."

"म्या बी न्हाई बघितलं," ज्ञानबा म्हणाला.

सिस्टर खिडकीशी गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा त्यांनी नवं कार्ड काढलं. पुन्हा एक-एकपासून. गोळ्या आठ दिवसांच्याच मिळतील. पाकिटातून निघेल ती गोळी सरळ तोंडात, मधी दुसरी जागा नाही. सांभाळणारी व्यक्ती या रकान्यात त्यांनी यशोदाबाईचं नाव खोडून राधिकाचं घातलं. खोडताना रेघ एकदाच मारली, पण पेन जरा जास्त दाबलं. शिवप्रसादला त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर नाव नोंदवायला सांगितलं. तिथं यालाही औषध असतं, वेळ लागतो, पण सुटतं.

"आणि मावशी," त्या म्हणाल्या, "तुमचं नाव मी इथं येणाऱ्या माणसांना सांगायचे. असं सांभाळावं म्हणून."



घरी आल्यावर चार दिवस ज्ञानबानं बायकोच्या हातचं पाणी घेतलं नाही. पाचव्या दिवशी राधिका धुणं घेऊन ओढ्यावर गेलेली, घसा सुकलेला, तेव्हा घेतलं. तांब्या घेताना बोटाला बोट लागू दिलं नाही. भाकर तिच्याच हातची होती, पण ती राधिका वाढायची. यशोदाबाई चुलीपुढून ताट सारायची आणि राधिका ते चार पावलं पुढं न्यायची. तेवढ्या चार पावलांसाठी घरात एक माणूस अडकून पडलं. शिवप्रसाद वरच्या मजल्यावर एकदा जाऊन आला होता. तिथून मिळालेलं औषध घेत होता आणि तरी अंगणात गोधडीवर पडून होता. सुदामनं दुसरी जोडी धरली होती.

एका संध्याकाळी दिवस मावळायला आलेला, सहाची वेळ. शिवप्रसादला कळ आली. त्यानं गोधडीचं टोक दातात धरलं, पाय झाडले, आणि लहानपणी ओरडायचा तसं ओरडला, "माय गं!" यशोदाबाई दारात बसली होती. ती उठली नाही. तिनं बाजेकडं बघितलं.

राधिकानं पाकीट आणलं, ज्ञानबासमोर फोडलं, आणि गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. तिनं दिलेला पाण्याचा गडू दुसऱ्या हातात. ज्ञानबानं मान वर केली आणि त्याला बायको दिसली. ती काही मागत नव्हती. तिचे ओठ मिटलेले होते. नुसती बघत होती, त्याच्या तोंडाकडं नाही, त्याच्या तळहाताकडं.

अंगणात पोरगं पुन्हा ओरडलं. ज्ञानबाचा हात होता तिथंच राहिला. राधिका पाकीट मुठीत आवळून उभी राहिली.

मग ज्ञानबानं गोळी जिभेवर ठेवली. कडू होती, त्याचं तोंड वाकडं झालं. त्यानं पाणी घेतलं, घोट खाली उतरू दिला. आणि गडू बाजूला ठेवून, यशोदाबाईकडं तोंड करून, त्यानं जबडा उघडला. जीभ उचलून खालची जागा दाखवली. डावा गाल बोटानं ओढला, मग उजवा.

"बघ," तो म्हणाला. "गिळली."

यशोदाबाईनं बघितलं. मग ती उठली, आणि पदर ओला करून पोराचं कपाळ पुसायला गेली.